पंप चालतोय, पण किती वेळा?

शिडाची बोट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? वाऱ्याने फुगलेलं पांढरंशुभ्र शीड, सुकाणूवर गॉगल लावून उभं कुणीतरी आणि मागे मावळणारा सूर्य. रील्समध्ये तरी हेच दिसतं. केबिनमधली पायाखालची फळी उचलून खाली काय आहे, हे मात्र कुणी दाखवत नाही. तिथे असतं थोडं पाणी, थोडं वंगण, एखादा हरवलेला स्क्रू आणि टिफिनच्या डब्याएवढा एक पंप. बोटीत काही बिनसलं असेल, तर त्याची पहिली खबर बहुतेक वेळा याच अंधाऱ्या कोपऱ्यात लागते.

बोटीच्या पोटातल्या या सगळ्यात खालच्या भागाला बिल्ज म्हणतात. बोटीत कुठूनही पाणी आलं, तरी ते उताराने शेवटी इथेच येतं. ते बाहेर फेकणारा तो बिल्ज पंप. ऐकायला सोपं वाटतं. पाणी आलं, पंप सुरू झाला, पाणी गेलं, विषय संपला. पण खरा विषय इथेच सुरू होतो. कारण पंप नीट चालत असेल, तर बोटीला गळती लागली आहे हे कुणाला कळतच नाही!

पाच मिनिटांचा हिशेब

१८ नोव्हेंबर २०२२. ‘गोल्डन ग्लोब रेस’ ही एकट्याने, कुठेही न थांबता, जगाला शिडाच्या बोटीतून प्रदक्षिणा घालण्याची शर्यत सुरू होती. फिनलंडचे अनुभवी खलाशी तापिओ लेह्तिनेन दक्षिण आफ्रिकेच्या आग्नेयेला, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर होते. मोठ्या आवाजाने त्यांना जाग आली, तोवर बोटीत पाणी भरायला लागलं होतं. त्यांची ३६ फुटी ‘अस्टेरिया’ साधारण पाच मिनिटांत बुडाली. अंगावर सर्व्हायव्हल सूट चढवून लाइफ राफ्टमध्ये उतरण्याइतकाच वेळ त्यांच्या हाती होता. संकटाचा इशारा देणारा बीकन सुरू झाला आणि सुमारे शंभर सागरी मैलांवर असलेल्या स्पर्धक कर्स्टन नॉयशेफर यांनी आपली बोट त्यांच्याकडे वळवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेह्तिनेन यांना पाण्यातून वर घेतलं, ‘दर्या गायत्री’ या मालवाहू जहाजाच्या स्वाधीन केलं आणि त्या पुन्हा शर्यतीला लागल्या. पुढे ही शर्यत त्यांनीच जिंकली आणि आपले अभिलाष टॉमी दुसरे आले.

पाच मिनिटांत बोट बुडते, तेव्हा पंप काय करतो? उत्तरासाठी बारावीच्या फिजिक्सचं पुस्तक उघडू. भोकातून येणाऱ्या पाण्याचा वेग काढायचं टॉरिसेलीचं सूत्र आठवतंय? वेग म्हणजे २ गुणिले जी गुणिले खोली, या गुणाकाराचं वर्गमूळ. समजा, टॉयलेटचा चार सेंटिमीटर व्यासाचा पाइप पाण्याच्या पातळीखाली अर्ध्या मीटरवर निखळला. वेग येतो सेकंदाला साधारण तीन मीटर. भोकाच्या क्षेत्रफळाने गुणलं, की मिनिटाला २३५ लीटरच्या आसपास पाणी. प्रत्यक्षात धार आकसते, म्हणून १४० लीटर धरू. म्हणजे दहा मिनिटांत जवळपास दीड टन पाणी बोटीत!

आता पंप. खोक्यावर लिहिलेलं असतं, तासाला ७,५०० लीटर. म्हणजे मिनिटाला १२५. वाटतं, थोडं कमी पडेल, पण निभावेल. मात्र खोक्यावरचा आकडा पाणी अजिबात वर चढवायचं नाही, असं धरून काढलेला असतो. बोटीत ते मीटरभर किंवा जास्त उंच ढकलावं लागतं, पाइपला वळणं असतात, बॅटरीचं व्होल्टेज उतरलेलं असतं. हातात निम्मं आलं तरी पुष्कळ. थोडक्यात, पंपाचं काम झिरपणाऱ्या पाण्याचं आहे. मोठं भोक पडलं तर तो फार तर थोडा वेळ मिळवून देतो. त्या वेळात भोक शोधून बुजवायचं काम माणसाचं. आणि भोक मोठं व्हायच्या आधीच सापडावं, यासाठी लक्ष ठेवायचं.

पाणी येतं तरी कुठून?

समुद्रावरच्या बोटीत पाणी शिरायला अपघातच व्हायला हवा असं नाही. चांगल्या, धडधाकट बोटीलाही पाण्याच्या पातळीखाली मुद्दाम पाडलेली अर्धा डझन भोकं असू शकतात. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणारं एक, टॉयलेटची दोन, बेसिनचं एक, पंख्याचा दांडा बाहेर जातो ते एक. प्रत्येक भोकावर व्हॉल्व्ह, व्हॉल्व्हला रबरी पाइप आणि पाइपला आवळणारी क्लिप. ती क्लिप गंजली, की गोष्ट सुरू.

पंख्याच्या दांड्याभोवतीचं जुन्या पद्धतीचं सील तर थेंब थेंब गळावं असंच बनवलेलं असतं. तेच पाणी दांड्याला थंड ठेवतं. काही बोटींत पावसाचं पाणी डोलकाठीच्या आतून खाली उतरतं. फ्रिजचं पाणी, गळकी टाकी, नांगराच्या साखळीबरोबर आलेलं पाणी, सगळ्यांचा पत्ता एकच. त्यामुळे बिल्जमध्ये पाणी आहे, ही बातमी नाही. कुठलं पाणी आहे, ही बातमी.

ते ओळखायची पहिली युक्ती अगदी साधी. बोट बुडवायचं आणि चव घ्यायची! (तेलाचा तवंग नसेल तरच.) खारट लागलं तर समुद्र आत येतोय. गोडं लागलं तर टाकी फुटलीय किंवा पाऊस झिरपतोय. तवंग असेल तर आधी इंजिनाकडे पाहायचं आणि पंप बंद ठेवून ते तेल टिपून घ्यायचं, समुद्रात सोडायचं नाही.

लाकडी होड्यांवर वाढलेल्या माणसांना यात काही नवल वाटणार नाही. लाकडी होडीत फळ्यांच्या सांध्यांतून थोडं पाणी येतंच आणि ते उपसावं लागतंच. रोज डब्याने पाणी उपसणाऱ्याच्या हाताला अंदाज असतो, आज चार डबे जास्त निघाले. म्हणजे कुठेतरी सांधा उघडलाय. ऑटोमॅटिक पंप आला आणि हातातला डबा सुटला. सोय झाली, पण त्या डब्याबरोबर मोजणीही गेली.

मोजणी परत आणायची

बिल्ज मॉनिटर नावाचं उपकरण नेमकं तेच करतं. त्यासाठी पंप कसा सुरू होतो ते पाहू. बहुतेक बोटींवर पंपाशेजारी एक फ्लोट स्विच असतो. पाणी वाढलं की तो तरंगत वर येतो, सर्किट पूर्ण होतं, पंप सुरू. पाणी उतरलं की फ्लोट खाली, पंप बंद. घरावरच्या टाकीतला फ्लोट भरलेली टाकी ओसंडू देत नाही, हा भरलेलं बिल्ज रिकामं करवून घेतो.

मॉनिटर पंपाच्या वायरवर नजर ठेवतो आणि तीन गोष्टी नोंदवतो. पंप किती वेळा सुरू झाला, प्रत्येक वेळी किती सेकंद चालला आणि किती करंट ओढला.

समजा, एका बोटीचा पंप दिवसाला तीन वेळा, पंधरा-पंधरा सेकंद चालतो. ही त्या बोटीची नॉर्मल नाडी. सोमवारी तीन, मंगळवारी तीन, बुधवारी पाच, गुरुवारी नऊ, शुक्रवारी सतरा. शुक्रवारीही फळी उचलून पाहिली तर बिल्ज जवळपास कोरडंच दिसेल, कारण पंप इमानदारीत काम करतोय. आकडे मात्र ओरडून सांगतायत की एखादी क्लिप सुटत चालली आहे. मोजणी नसेल, तर हे कळेल ते बॅटरी संपून पंप थांबल्यावरच.

करंटचा आकडाही बोलका असतो. पंप पाण्याविना नुसताच फिरत असेल तर तो नेहमीपेक्षा कमी करंट ओढतो. केस, प्लॅस्टिकचा तुकडा, पाण्याच्या बाटलीचं सोललेलं लेबल असं काही त्याच्या पंख्यात अडकलं, तर करंट एकदम चढतो आणि फ्यूज उडतो. बोटी बुडण्यामागे वादळं असतात तसं बाटलीचं लेबलही असू शकतं.

पण इथे एक गंमत आहे. कधी कधी आकडा वाढतो आणि गळती मात्र नसते. पंप थांबला की पाइपमध्ये वर चढलेलं पाणी मागे घसरून पुन्हा बिल्जमध्ये येतं. त्याने फ्लोट उचलला जातो, पंप पुन्हा सुरू. तेच पाणी वर-खाली, वर-खाली. मोजणी दिसते साठ आणि बाहेर गेलेलं पाणी जवळपास शून्य. पावसाचंही तसंच. बोट नांगरून ठेवलेली असताना जोराची सर आली तर पंप जास्त वेळा चालणारच. तेव्हा आकडा हा निकाल नसतो, प्रश्न असतो. उत्तरासाठी फळी उचलावीच लागते.

बॅटरी गेली की सगळंच गेलं

नांगरलेल्या बोटीवर कुणी नसताना पंपाला वीज देते बॅटरी. सोलर पॅनल असेल तर ती दिवसा भरते. आता साखळी बघा. गळती वाढली, पंप जास्त चालला, बॅटरी उतरली, त्यात चार दिवस ढगाळ गेले, व्होल्टेज पडलं, पंप मंदावला, पाणी वाढलं, बॅटरी पाण्याखाली गेली. मालक घरी निवांत. म्हणूनच बोटी नेहमी खवळलेल्या समुद्रातच बुडतात असं नाही. बंदरात, बांधलेल्या जागीसुद्धा बुडतात, तेही चांगल्या हवेत.

म्हणून एकट्या पंपावर लक्ष ठेवून भागत नाही. बारा व्होल्टची साधी लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली आणि शांत असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.२ च्या आसपास आली म्हणजे निम्मी संपली. त्याखाली वारंवार गेली तर तिचं आयुष्यही घटतं. म्हणजे वाचायला फक्त अर्ध्या व्होल्टची पट्टी हातात. याशिवाय नांगर घसरला का हे सांगायला जीपीएस, स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखणारा सेन्सर, इंजिनाचं तापमान, वाऱ्याचा वेग. ही सगळी उपकरणं एकमेकांशी बोलतात ती ‘एनएमईए २०००’ नावाच्या नेटवर्कवर. ‘सिग्नल के’ हा ओपन सोर्स प्रकल्प तोच डेटा रास्पबेरी पायसारख्या छोट्या कॉम्प्युटरवर आणून मोबाइलवर दाखवतो. इंजिनीअरिंगवाल्यांनो, कान टवकारले ना?

पण कोड लिहिण्याआधी एक प्रश्न. बोटीची बॅटरी संपली तर मॉनिटरही बंद पडणार. मग ‘बॅटरी संपली’ हा अलर्ट पाठवणार कोण? म्हणून चांगल्या यंत्रणेत उलटा नियम असतो. बोटीने ठरलेल्या वेळी ‘मी ठीक आहे’ असं कळवायचं. तो मेसेज आला नाही, तर किनाऱ्यावरच्या सर्व्हरने अलार्म वाजवायचा. होस्टेलवरून रोज रात्री घरी फोन करणाऱ्यांना हे समजावून सांगायची गरज नाही. फोन आला नाही, हीच बातमी असते.

नेटवर्क नसतं तेव्हा

आता बंदर सोडून खुल्या समुद्रात जाऊ. मोबाइलवर अलर्ट मागवायची सोय तिथे संपते. भारतीय नौदलाच्या ‘आयएनएसव्ही म्हादेई’ आणि ‘आयएनएसव्ही तारिणी’ या दोन्ही ५६ फुटी शिडाच्या बोटी गोव्यात, दिवाडी बेटावर बांधल्या गेल्या. ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय ठरले. ‘तारिणी’वरून २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी प्रदक्षिणा पूर्ण केली. परतीच्या वाटेवर स्टिअरिंगच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि आधी न ठरलेला एक मुक्काम त्यांना मॉरिशसला करावा लागला. घर जवळ आलं म्हणून बोटीचे कान-डोळे बंद करून चालत नाही, ते असं.

त्यानंतर त्याच ‘तारिणी’वर लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या फक्त दोघी २ ऑक्टोबर २०२४ ला गोव्याहून निघाल्या आणि मे २०२५ च्या अखेरीस परत आल्या. वाटेत, जानेवारी २०२५ मध्ये, त्यांनी ‘पॉइंट नीमो’ ओलांडला. दक्षिण पॅसिफिकमधल्या या बिंदूपासून सगळ्यात जवळची जमीनसुद्धा सुमारे २,६८८ किलोमीटरवर आहे. तिथे रात्री पंप बंद पडला तर? प्लंबर तुम्ही, इलेक्ट्रिशियन तुम्ही आणि ज्या बोटीची दुरुस्ती करायची तिच्यावर उभ्याही तुम्हीच. सोबतीण झोपलेली असेल तर जागं असलेल्या एकटीवर सगळी मदार. अशा सफरीवर वादळ नसलेल्या दिवशीही फेरी चुकवून चालत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गेटवे ऑफ इंडियाहून लेफ्टनंट कर्नल अनुजा वरुडकर यांच्या नेतृत्वाखाली तिन्ही दलांच्या दहा महिला अधिकारी ‘त्रिवेणी’ या बोटीतून जगप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांच्या निरोपाचे, शिडांचे, तिरंग्याचे फोटो आपण पाहिले. फळीखालचं बिल्ज त्या फोटोंत नव्हतं, पण त्यांच्याबरोबर तेही निघालं होतं.

इथे यंत्र आणि माणूस यांची वाटणी स्पष्ट होते. यंत्र न झोपता मोजतं. माणूस फेरी मारतो. बिल्जची फळी उचल, हात घाल, पाण्याची चव बघ, क्लिपांना बोट लाव, बॅटरीचा आकडा वहीत लिही. ही वही म्हणजे लॉगबुक. कालच्या आकड्याशेजारी आजचा आकडा लिहिला, की फरक आपोआप दिसतो.

‘ऑल इज लॉस्ट’ हा २०१३ चा सिनेमा पाहिला असेल तर आठवेल. समुद्रात भरकटलेला एक कंटेनर रॉबर्ट रेडफर्डच्या बोटीला भोक पाडतो, आत आलेल्या पाण्याने लॅपटॉप आणि रेडिओ निकामी होतात आणि हातपंपाला दांडा नसतो. तो लाकूड तासून दांडा बनवतो. विजेशिवाय चालणारा पंप आणि त्याचा दांडा जागेवर असणं किती मोलाचं, हे त्या एका दृश्यात कळतं. खलाशांमध्ये एक जुना विनोद आहे, की घाबरलेल्या माणसाच्या हातातल्या बादलीइतका चांगला पंप जगात दुसरा नाही.

प्रोजेक्ट करायचाय?

फायनल इयरला ‘स्मार्ट डस्टबिन’ करून कंटाळा आला असेल, तर हा प्रोजेक्ट हातात घ्यायला हरकत नाही. एक ईएसपी३२ बोर्ड, एक करंट सेन्सर, एक छोटा पंप, फ्लोट स्विच आणि प्लॅस्टिकचा टब. टबला बारीक छिद्र पाडा, पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात तरंगवा आणि मोजणी सुरू करा. छिद्र थोडं मोठं केल्यावर आलेख कसा चढतो ते पाहा. चार गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा.

• मॉनिटर बंद पडला तरी पंप चालला पाहिजे. पंपाची वीज थेट बॅटरीवरून, स्वतंत्र फ्यूजमधून घ्या. तुमचा बोर्ड बाजूला बसून फक्त पाहणारा हवा, मध्ये उभा राहणारा नको.

• धोक्याच्या पातळीसाठी दुसरा, वेगळा फ्लोट स्विच थोडा उंचावर लावा. पहिला स्विच अडकला तर त्याच्याच भरवशावर बसलेला अलार्म काय कामाचा?

• किती वेळा आणि किती सेकंद, दोन्ही नोंदवा. एकटा आकडा फसवतो.

• मेसेज न येणं हाच अलार्म समजणारा कोड लिहा.

आणि कधी कुणाच्या बोटीवर जायची संधी मिळाली, तर सेल्फी काढायच्या आधी दोन प्रश्न विचारा. ‘हातपंपाचा दांडा कुठे आहे?’ आणि ‘काल पंप किती वेळा चालला?’ पहिल्याचं उत्तर बहुतेक जण देतील. दुसऱ्याचंही लगेच मिळालं, तर बिनधास्त बसा. ते विचारात पडले, तर आधी फळी उचलून बघायला सांगा.